संगणक बंद, चिप जागी

शुक्रवार, १९ जुलै २०२४च्या सकाळी, भारतीय वेळेनुसार पावणेदहाच्या सुमारास, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटीशी फाइल जगभर धाडली. फाइलमध्ये चूक होती. ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली खरी, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणकांनी मान टाकली होती. निळा पडदा, रीस्टार्ट, पुन्हा निळा पडदा. भारतात इंडिगोच्या काही प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

उपाय तसा सोपा होता. सेफ मोडमध्ये जायचं आणि ती फाइल उडवायची. पण हे एकेका यंत्रासमोर बसून करावं लागत होतं. हार्ड डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली टाइप करा, मग पुढचं बोला! एरवी आयटी विभाग दुरून दुरुस्ती करायला एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर वापरतो. पण ही सॉफ्टवेअरं विंडोजच्या जिवावर चालतात. विंडोजच उठत नसेल, तर त्यांचाही नाइलाज.

मग विंडोजला वळसा घालून थेट यंत्रापर्यंत पोहोचता येतं का? येतं, आणि ही सोय नवी नाही. मोठ्या सर्व्हरसाठी इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी १९९८मध्येच आयपीएमआय नावाचं मानक आणलं होतं. आजही डेलच्या सर्व्हरमध्ये आयड्रॅक आणि एचपी एंटरप्राइजच्या सर्व्हरमध्ये आयएलओ असतं. मुख्य प्रोसेसरशी देणंघेणं न ठेवता चालणारा हा वेगळा छोटा संगणकच. टेबलावरच्या ऑफिस पीसीपर्यंत ही कल्पना २००६मध्ये इंटेलच्या व्हीप्रोने आणली. त्यातल्या दूरव्यवस्थापनाच्या भागाला अॅक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी, म्हणजेच एएमटी म्हणतात. एएमडीच्या यंत्रांमध्ये अशाच कामासाठी डॅश हे मानक असतं.

संगणक ‘बंद’ असताना हे चालतं कसं, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. ऑफिसमधला पीसी शटडाऊन केल्यावर मागे वाकून नेटवर्कच्या केबलकडे पाहावं. बऱ्याचदा तिथला हिरवा किंवा पिवळा दिवा लुकलुकत असतो. विजेची वायर भिंतीतल्या सॉकेटला जोडलेली असेपर्यंत पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा करत राहतो. चिपसेटमध्ये बसवलेला मॅनेजमेंट इंजिन हा छोटा प्रोसेसर तेवढ्यावर जागा राहतो. १६९९२ ते १६९९५ या पोर्टांसाठी आलेला डेटा नेटवर्क कार्ड विंडोजकडे जाऊच देत नाही, परस्पर या इंजिनाच्या हवाली करतं. त्यामुळे विंडोजच्या फायरवॉलला त्याची गंधवार्ताही नसते.

वेक-ऑन-लॅन ही सोयही असंच काही करते ना? नाही. तिथे फक्त एक ठरावीक पॅकेट येतं: आधी सहा ठरावीक बाइट, मग त्या यंत्राचा नेटवर्क पत्ता सोळा वेळा. ते ओळखलं की संगणक सुरू होतो, संपलं. एएमटीत मात्र दुसऱ्या शहरात बसलेला माणूस यंत्र चालू करू शकतो, बायोसच्या सेटिंग बदलू शकतो, आपल्याकडची डिस्क नेटवर्कवरून जोडून त्या यंत्राला तिच्यावरून उठवू शकतो. २०१०पासून त्याला पडदाही दिसतो आणि कीबोर्ड-माउसही चालवता येतो. ‘व्हीप्रोची यंत्रं असती तर क्राउडस्ट्राइकच्या त्या शुक्रवारी बरीच धावपळ वाचली असती’ हा दावा म्हणूनच अगदीच जाहिरातबाजी नाही. अट एकच, सोय आधीपासून चालू करून ठेवलेली हवी. विकत घेतली म्हणून ती आपोआप चालू होत नाही.

कर्मचाऱ्याचा प्रश्न साहजिकच वेगळा असतो: आयटीवाले गुपचूप माझा पडदा बघतील का? पडदा असा पाहिला जात असताना त्याच्या कडेने लाल-पिवळी चौकट लुकलुकते. एका पद्धतीत पडद्यावर सहा अंकी कोड येतो आणि तो कर्मचाऱ्याने सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण कंपनीने पूर्ण प्रशासकीय अधिकाराची पद्धत निवडली असेल, तर कोडची अट काढून टाकता येते. म्हणजे हा प्रश्न यंत्राला नव्हे, कंपनीच्या धोरणाला विचारायला हवा.

जी गोष्ट विंडोजला न विचारता मदतीला येते, ती विंडोजला न कळता त्रासही देऊ शकते. ही शंका रास्तच होती, आणि २०१७मध्ये ती खरी ठरली. एंबेडी या सुरक्षा कंपनीला सापडलेली चूक अक्षरशः हास्यास्पद होती. एएमटीमध्ये लॉग-इन करताना ब्राउझर पासवर्डपासून बनवलेलं एक लांबलचक उत्तर पाठवतो. ते तपासणारा कोड, समोरून जेवढी अक्षरं आली तेवढीच ताडून पाहत होता. रिकामं उत्तर पाठवलं तर शून्य अक्षरं ताडायची, आणि शून्य अक्षरं नेहमीच जुळतात! वही कोरी दिली तर एकही उत्तर चुकलेलं नाही, म्हणून पूर्ण गुण देणाऱ्या परीक्षकासारखाच हा प्रकार. २०१०पासूनच्या फर्मवेअरमध्ये ही चूक निवांत बसून होती. इंटेलने १ मे २०१७ रोजी ती जाहीर केली आणि दुरुस्ती दिली.

पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने सांगितलं की आग्नेय आशियातल्या संस्थांवर नजर ठेवणारी प्लॅटिनम नावाची टोळी फाइली हलवायला एएमटीची सीरियल जोडणी वापरते. त्यात एएमटीतली कुठली फट लागली नाही. जानेवारी २०१८मध्ये फिनलंडच्या एफ-सिक्युअरच्या हॅरी सिंटोनेन यांनी दाखवलेली गोष्ट तर त्याहून साधी. लॅपटॉप सुरू होताना कंट्रोल आणि पी दाबा, पासवर्ड म्हणून ‘अॅडमिन’ लिहा. कुणी तो बदलला नसेल तर मिनिटभराच्या आत यंत्र परक्याच्या ताब्यात. बायोसचा पासवर्डही त्याला अडवत नव्हता.

गमतीचा भाग म्हणजे २०१५नंतरच्या मॅनेजमेंट इंजिनात मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते. ती मूळची अँड्र्यू टॅनेनबाम या प्राध्यापकांनी १९८७मध्ये विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली. २०१७मध्ये त्यांनी इंटेलला खुलं पत्र लिहिलं. वापराबद्दल तक्रार नव्हती. निदान कळवायचं तरी, एवढाच त्यांचा सूर होता. त्याच वर्षी संशोधकांना हे इंजिन जवळजवळ झोपवणारी एक न जाहीर केलेली खिट्टी सापडली. अमेरिकी सरकारच्या उच्च-सुरक्षा योजनेसाठी ती ठेवली होती, असा खुलासा इंटेलने केला. सरकारला जी खिट्टी लागते ती सामान्य ग्राहकाला का मिळू नये, याचं समाधानकारक उत्तर अजून मिळायचं आहे.

घरच्या संगणकाचं काय? मॅनेजमेंट इंजिन इंटेलच्या बहुतेक यंत्रांत असतं. एएमटी मात्र व्हीप्रोच्या यंत्रांतच, तेही कुणी चालू केलं असेल तर. काळजी घ्यायची ती सेकंड-हँड घेणाऱ्यांनी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक मिळतात, आणि त्यांतले अनेक व्हीप्रोवालेच असतात. विंडोज नव्याने टाकलं तरी एएमटीची जुनी मांडणी पुसली जात नाही, कारण ती डिस्कवर नसून मदरबोर्डवर असते. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच बायोस उघडून एएमटीची नोंद बघावी, आधीची मांडणी दुकानदाराकडून पुसून घ्यावी आणि पासवर्ड स्वतः बदलावा. आधीच्या कंपनीने ठेवलेला पासवर्ड कुणालाच ठाऊक नसेल, तर तो लॅपटॉप परत फळीवर ठेवायला सांगून पुढचा बघावा.