खमिराची करामत

रमजानच्या दिवसांत असरची नमाज झाली की विक्रोळी पार्कसाइटच्या घराघरांत इफ्तारची लगबग सुरू होते. कुणी खजुराच्या बिया काढते, कुणी बोटी कबाबच्या मटणाला कच्च्या पपईचा कीस चोळते. तासा-दोन तासांत चिवट बोटी मऊ पडते. हे काम पपईच्या चिकातले पपेन करते. पपेन हे एक विकर, म्हणजेच एन्झाइम.

उर्दू शाळांतली मुले विकराला 'खामरा' म्हणतात. हा शब्द 'खमीर'च्याच कुळातला. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी सुचवलेल्या 'एन्झाइम' या नावाचा ग्रीक अर्थही 'खमिरात असलेले' असाच आहे. पुढे १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाटून गाळलेल्या रसानेही साखर आंबते, हे दाखवले. करामत जिवंत पेशीची नव्हे, तिच्यातल्या रसायनांची होती. त्यासाठी १९०७ चे नोबेल त्यांना मिळाले.

विकर नेमके करते काय? पार्कसाइटच्या टेकडीवर राहणाऱ्यांना चढ म्हणजे काय ते सांगायला नको. प्रत्येक रासायनिक क्रियेपुढेही ऊर्जेचा असाच एक चढ असतो. विकर तो चढ कमी करते, त्यामुळे क्रिया झपाट्याने होते. स्वतः मात्र ते खर्ची पडत नाही. एक काम उरकून दुसऱ्याला लागते. म्हणून चमचाभर कीस पुरतो. प्रयोगशाळेत प्रथिनांचे पूर्ण तुकडे करायला तीव्र आम्लात ११० अंश सेल्सिअसला सुमारे २४ तास तापवावे लागते. आपले पोट आणि आतडे हेच काम ३७ अंशांवर काही तासांत करतात.

रोजाच्या दिवसभरातही विकरे स्वस्थ नसतात. जेवण पचून गेले की यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनमधून ती ग्लुकोज मोकळे करतात आणि मेंदूला इंधन मिळत राहते. मऊ खजुरात तर झाडावर पिकतानाच इन्व्हर्टेज या विकराने साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज केलेले असते. म्हणून इफ्तारच्या खजुराने लवकर तरतरी येते. नेमक्या याच कारणाने मधुमेह असलेल्यांनी खजूर किती खावेत, हे रमजानआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

भजी किंवा नानमधल्या पिष्टाचे पचन तोंडातच, लाळेतल्या अमायलेजने सुरू होते. मगरिबची अजान होताच घाईने गिळलेल्या घासाला ही मदत पुरेशी मिळत नाही. घास सावकाश चावावा.

पपईचेही तंत्र सांभाळावे. ती कच्चीच हवी. पिकलेल्या फळात पपेन फारसे उरत नाही. फ्रिजमध्ये त्याचा वेग मंदावतो, पण काम थांबत नाही. सहरीला लावलेली पपई इफ्तारपर्यंत तशीच ठेवली तर बोटीचा लगदा होतो. खरी आच लागून मटण शिजले, की पपेनची घडी मोडते आणि त्याचे काम संपते.