आजीची चूल आणि कार्बन टॅक्स

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

डिसेंबरच्या सुट्टीत सडक अर्जुनीला घरी गेलो होतो. आमच्याकडची थंडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आजी पहाटे अंगणातल्या चुलीवर आंघोळीच्या पाण्याचा गंज चढवते. पूर्वी चूल पेटवायला चमचाभर मातीचं तेल (म्हणजे आपलं रॉकेल) असायचं. आता ते नाही, म्हणून ती प्लास्टिकची पन्नी पेटवते. मी हुशारी दाखवायला गेलो, "आजी, याने कार्बन वाढतो. परदेशात यावर टॅक्स लागतो." ती म्हणाली, "काड्यांवर लावतील का रे बाबू?" उत्तर येईना. मग सुट्टीभर तेच वाचत बसलो.

कार्बन टॅक्सची कल्पना सोपी आहे. इंधन जाळल्यावर जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याच्या वजनावर कर. एक लिटर रॉकेल जाळलं की सुमारे अडीच किलो निघतो. (लिटरचं वजन 800 ग्रॅम आणि वायू अडीच किलो कसा, असं विचारणाऱ्यांनी फर्स्ट इयरची केमिस्ट्री काढावी. हवेतला ऑक्सिजन मिळतो ना!)

कॅनडात थंडी आपल्यासारखी शेकोटीवर भागणारी नाही. तिथल्या अटलांटिक किनाऱ्याच्या प्रांतांत बरीच घरं तेलाच्या भट्टीने गरम करतात. 2023 मध्ये टॅक्स टनाला 65 डॉलर होता, म्हणजे लिटरमागे सुमारे 17 सेंट. सरकार यातले बरेच पैसे कुटुंबांना परत देत होतं. पण बिल डोळ्यांना दिसतं, खात्यात जमा झालेलं कोण बघतो? ओरड झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये घर तापवायच्या तेलाला तीन वर्षांची सूट जाहीर झाली आणि 1 एप्रिल 2025 पासून सामान्य ग्राहकांवरचा हा करच शून्यावर आणला.

आपल्याकडे त्या नावाचा कर नाही, पण त्याचा चुलतभाऊ होता. 2010 साली कोळशावर टनाला 50 रुपये सेस लागला, 2016 पर्यंत तो 400 झाला. आपल्या कोळशात राख भरपूर, टनामागे साधारण दीड टन वायू धरला तर हा दर टनाला 270 रुपयांच्या आसपास पडतो. आमच्याच जिल्ह्यात तिरोड्याला 3300 मेगावॅटचा प्लांट कोळशावर चालतो. एका युनिट विजेला सुमारे 600-700 ग्रॅम कोळसा, म्हणजे सेस पंचवीसेक पैसे. हॉस्टेलमध्ये चोरून रॉड लावून बादलीभर पाणी तापवणाऱ्यांनी (वॉर्डन सर, मी नव्हे) बादलीमागे पंधरा पैसे कार्बन टॅक्स भरलाच म्हणायचा. सप्टेंबर 2025 मध्ये हा सेस गेला आणि कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. आता कर वजनावर नाही, किमतीवर. स्वस्त आणि राखेच्या कोळशाला त्यात फायदाच. मला हे उलटं वाटतं.

रॉकेलचं तर आणखी गंमतशीर. वर्षानुवर्षं रेशनवर सबसिडी, म्हणजे उलट दिशेचा कार्बन टॅक्स! 2016 पासून थोडे थोडे पैसे वाढवत 2020 पर्यंत ती संपवली. कागदावर कार्बनची किंमत वाढली. आमच्या अंगणात मात्र पन्नी आली.

आजीचा प्रश्न इथे खरा लागू पडतो. सिलिंडरवर 5 टक्के जीएसटी आहे, जंगलातल्या काड्यांवर काहीच नाही, आणि लागणार तरी कसा? झाड पुन्हा वाढलं तर तो कार्बन परत शोषला जातो, हे खरं. पण धूर आजीच्याच छातीत जातो. शिवाय आमच्याकडे मोळी आणायची म्हणजे नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगत जायचं, जिथे बिबट्या आहे, वाघ आहे. त्या खर्चाचा आकडा कुठल्याच टेबलमध्ये नाही. इंधन महाग करायच्या आधी हातात दुसरं काहीतरी द्या, नाहीतर माणूस पुढे न जाता मागे चुलीकडे जातो.

घरी सिलिंडर आहे. आजी त्यावर चहा करते, पाहुण्यांचा. आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. यंदा जाताना मी हॉस्टेलमधली जुनी वर्तमानपत्रं गोळा करून नेणार आहे, पन्नीऐवजी. रद्दी असेल तर रूमवर आणून द्या.