दुचाकीशी ओळख – भाग ४ : हेल्मेटपासून बुटापर्यंत

मोटरसायकलवरून पडलेल्या माणसाला दोन तऱ्हेने इजा होते : तो आपटतो आणि तो फरफटत जातो. आपटल्याने कवटी, मेंदू, हाडे आणि सांधे दुखावतात. डांबरावरून फरफटल्याने कातडी सोलून निघते. हेल्मेट, हातमोजे, बूट, जॅकेट ही सारी सामग्री या दोन इजांना तोंड देण्यासाठी असते. आपटण्यावर उपाय म्हणजे धक्का जिरवणारा थर, आणि फरफटण्यावर उपाय म्हणजे चटकन न फाटणारे कापड किंवा चामडे. याच्या जोडीला तिसरी अट आहे : पडण्याच्या क्षणी ती वस्तू जागच्या जागी राहिली पाहिजे. डोक्यावरून निसटलेले हेल्मेट आणि कोपरावरून सरकलेले पॅड कितीही महाग असले तरी कुचकामी. म्हणून नव्या मालकाने प्रत्येक वस्तू हातात घेताना तीन प्रश्न विचारावेत. ही धक्का कशाने जिरवते? घासली गेली तर किती टिकेल? आणि अंगावर घट्ट राहील का?

जवळच्या फेरीतला धोका

‘इथल्या इथे तर जायचंय’ म्हणून हेल्मेट घरी खुंटीवर राहते. पण डोके फुटायला गाडी वेगात असावी लागतेच असे नाही. उभी गाडी कलंडून स्वार आडवा पडला आणि त्याचे डोके दीड मीटर उंचीवरून जमिनीवर आले, तर आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. हा वेग निव्वळ गुरुत्वाकर्षणाने दिलेला असतो; इंजिनाचा त्यात वाटा नसतो.

अमेरिकेतील हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार निम्म्या अपघातांत धडकेच्या क्षणीचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर किंवा त्याहूनही कमी होता. बरेचसे अपघात खरेदीसारख्या छोट्या फेऱ्यांत, निघाल्यावर थोड्याच वेळात झालेले होते. भारताचे आकडेही बोलके आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली; त्यांपैकी जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांत मागे बसलेले १४ हजारांहून अधिक होते.

हेल्मेट आतून कसे काम करते

टी. ई. लॉरेन्स हे ब्रिटिश लेखक आणि माजी लष्करी अधिकारी १९३५ मध्ये मोटरसायकल अपघातात डोक्याला मार लागून वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. केर्न्स यांनी पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. आजच्या हेल्मेटचा गाभा म्हणजे आतला चुरडणारा थर. त्याचे पेटंट कॅलिफोर्नियातील चार्ल्स लोम्बार्ड आणि हर्मन रॉथ यांना १९५३ मध्ये मिळाले.

बाहेरचे टणक कवच टोकदार दगड आत शिरू देत नाही आणि आघात मोठ्या भागावर पसरवते. धक्का जिरवण्याचे खरे काम त्याखालचा थर्माकोल करतो. टीव्हीच्या खोक्यात मिळणाऱ्या थर्माकोलचाच हा अधिक घट्ट प्रकार. ताशी २० किलोमीटर वेगाने आलेले डोके कठीण पृष्ठभागावर अडीच मिलिमीटरांत थांबले आणि थर्माकोल दबल्यामुळे ते अडीच सेंटिमीटरांत थांबले, तर दुसऱ्या वेळी डोक्यावर येणारा सरासरी जोर पहिल्याचा दहावा हिस्सा असतो. मेंदू वाचतो तो या दोन-अडीच सेंटिमीटरांमुळे. मात्र एकदा चुरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून डोके आपटलेल्या अपघातानंतर हेल्मेट बदलावेच, वरून ओरखडाही दिसत नसला तरी. आतले मऊ कापडी अस्तर फक्त आरामासाठी असते. दुकानात बोटाने दाबून पाहिलेला त्याचा मऊपणा सुरक्षिततेबद्दल काही सांगत नाही.

प्रकारांमध्ये नव्या स्वाराने पूर्ण चेहरा झाकणारे, म्हणजे फुल फेस हेल्मेट निवडावे. जर्मनीतील दीट्मार ओटे यांच्या अपघात-अभ्यासात हेल्मेटवरच्या आघातांपैकी साधारण तिसरा हिस्सा हनुवटी आणि जबड्याच्या पट्ट्यात आढळला. हाफ हेल्मेटमध्ये नेमका हाच भाग उघडा राहतो.

खरे हेल्मेट ओळखणे

भारतात दुचाकीच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१ हे मानक आहे आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय हेल्मेट बनवणे व विकणे बेकायदा आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी अॅपमध्ये टाकला की परवाना कोणत्या कारखान्याचा आणि कोणत्या वस्तूचा आहे ते दिसते. रस्त्याकडेला विकल्या जाणाऱ्या पातळ टोप्यांवरही आयएसआयचे स्टिकर चिकटवलेले असते. अशा वेळी हा अर्ध्या मिनिटाचा शोध पैसे आणि डोके दोन्ही वाचवतो. काही हेल्मेटांवर युरोपचे ईसीई २२.०६ हे प्रमाणही असते. त्यात तिरक्या आघाताने डोके गरकन फिरते तेव्हाची चाचणी समाविष्ट आहे. आयएसआयच्या जोडीला ते असेल तर उत्तम.

माप

भुवयांच्या वर बोटभर अंतर सोडून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवून घेर मोजावा. हेल्मेटवर माप मिलिमीटरमध्ये छापलेले असते. ५८ सेंटिमीटर घेराला ५८० चे हेल्मेट. नवे हेल्मेट थोडे घट्टच वाटले पाहिजे, गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. काही आठवड्यांत अस्तर सैलावते. ते दुकानातच पंधरा मिनिटे घालून बसावे. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वळ उठला असेल, तर माप बरोबर असूनही त्या हेल्मेटचा आकार त्या डोक्याचा नव्हे.

यानंतर दोन चाचण्या कराव्यात. हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे हलवावे. त्याबरोबर गालांची कातडीही ओढली गेली पाहिजे. मग पट्टा लावून मागची कड पकडून हेल्मेट पुढे उलथवून पाहावे. ते निघाले तर माप मोठे आहे. चष्मा असणाऱ्यांनी चष्म्यासकट घालून पाहावे. केसांचा अंबाडा किंवा उंच पोनीटेल हेल्मेटला वर उचलून धरते. केस खाली मानेशी बांधूनच माप घ्यावे आणि गाडी चालवतानाही तसेच बांधावेत. पट्टा हनुवटीखाली जेमतेम दोन बोटे जातील इतका घट्ट हवा. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच हिसक्याला उडते.

आरशावर हेल्मेट अडकवल्यास आतला थर्माकोल दबतो. पेट्रोल आणि थिनर प्लॅस्टिकचे कवच कमकुवत करतात, म्हणून ते साबणाच्या कोमट पाण्याने पुसावे. अपघात झाला नसला तरी साधारण पाच वर्षांनी हेल्मेट बदलावे.

हातमोजे

पडताना माणूस आपसूक हात पुढे करतो; ही क्रिया विचारापूर्वीच घडते. त्यामुळे डांबराची पहिली गाठ तळहाताशी पडते. तळहात रस्त्याला चिकटून अडकला की सगळा भार मनगटावर येतो आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेले छोटे, नावेच्या आकाराचे हाड मोडते. त्याचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने ते भरून यायला फार वेळ घेते. चांगल्या हातमोज्याच्या तळव्यावर, मनगटाजवळ टणक, गुळगुळीत तुकडा असतो. तो हाताला अडकू न देता घसरू देतो.

हातमोज्याला मनगटाभोवती पट्टा हवाच. पट्टा लावून बोटांच्या टोकांना धरून मोजा ओढावा. तो निघून आला तर रस्त्यावरही निघेल. मोजा घालून क्लच, ब्रेक, इंडिकेटर आणि हॉर्न सहज वापरता येतात का, हेही गाडीवर बसून पाहावे.

बूट

चपलेवर मोटरसायकल चालवणे महाराष्ट्रात इतके सवयीचे आहे की त्यातला धोका दिसेनासा झाला आहे. गाडी आडवी पडते तेव्हा दीडशे-दोनशे किलोंचा भार पाऊल आणि घोट्यावर येऊ शकतो. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा अभ्यास केला; साध्या बुटांच्या तुलनेत घोटा झाकणारे कोणतेही उंच बूट घालणाऱ्यांना पावलाच्या व घोट्याच्या इजेचा धोका ५३ टक्क्यांनी कमी आढळला. त्यासाठी बूट खास मोटरसायकलचेच असावे लागले नाहीत.

बूट पारखताना टाच एका हाताने आणि चवडा दुसऱ्या हाताने धरून ओले कापड पिळल्यासारखा पीळ द्यावा. सहज पिळला जाणारा बूट पाऊलही पिळू देतो. तळ न घसरणारा हवा आणि गिअरच्या पायापाशी वरचा भाग जाड हवा. नाडी असेल तर टोके आत खोचावीत. गिअरच्या लिव्हरमध्ये नाडी अडकली की सिग्नलला पाय जमिनीवर टेकत नाही.

जॅकेट आणि पँट

सुती शर्ट आणि साधी जीन्स डांबरावर क्षणात फाटते. युरोपच्या ईएन १७०९२ मानकात रायडिंग कपड्यांना उतरत्या क्रमाने एएए, एए, ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. शहरासाठी किमान ए, महामार्गावर नियमित जाणाऱ्यांसाठी एए असा हिशेब सोयीचा पडतो. बी वर्गात धक्का जिरवणारी पॅड नसतात, आणि सी वर्गाचे कपडे केवळ पॅड जागेवर धरून ठेवण्यासाठी असतात.

खांदे, कोपर आणि गुडघ्यांवरच्या पॅडसाठी ईएन १६२१-१ हे मानक आहे. चाचणीत पॅडमधून पलीकडे पोचणारा सरासरी जोर पहिल्या पातळीला ३५ किलोन्यूटनपर्यंत आणि दुसऱ्या पातळीला २० किलोन्यूटनपर्यंत चालतो. दुसरी पातळी सरस. पाठीचा खिसा उघडून पाहायला विसरू नये. अनेक जॅकेटांत तिथे केवळ आकार राखण्यासाठी साधा फोम घातलेला असतो, तो धक्का जिरवत नाही. खऱ्या पॅडवर मानकाचा क्रमांक आणि पातळी छापलेली असते.

जॅकेटचे माप उभे राहून नव्हे, गाडीवर बसून हँडल धरून पाहावे. हात पुढे केल्यावर कोपराचे पॅड कोपरावरच राहिले पाहिजे आणि चिमटीत धरून फिरवल्यास सरकता कामा नये. पँटचे गुडघेही बसूनच तपासावेत. ऑस्ट्रेलियातील त्याच अभ्यासात चौथ्या हिश्श्याहून अधिक जॅकेटे, पँटी आणि हातमोजे अपघातात फाटून निकामी झालेले आढळले. म्हणूनच ‘रायडिंग’ या शब्दावर न जाता आतल्या पट्टीवरचे मानक वाचावे.

ऊन आणि पाऊस

उन्हाळ्यात जाळीचे जॅकेट हवा खेळती ठेवते. पण विदर्भात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा वाराच अंगापेक्षा तापलेला असतो. अशा वेळी आत ओला सुती बनियन घालावा आणि वरचेवर पाणी प्यावे. कोकणात आणि घाटांत पावसाळी प्रवासासाठी जॅकेटवरून घालायचा रेनसूट सोयीचा, कारण आत लावायचे जलरोधक अस्तर अंग कोरडे ठेवते, पण जॅकेट भिजून जड होतेच. हेल्मेटची काच रात्री पारदर्शकच हवी. धुक्यात ती आतून धुरकट होऊ नये म्हणून धुके रोखणारी आतली पट्टी बसवता येते. काळ्या कपड्यांवर परावर्तक पट्ट्या असाव्यात.

मागे बसणारे

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे, आणि कलम १९४-डी नुसार ते नसल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलाला स्वाराशी जोडणारा सुरक्षापट्टा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट आणि गाडीला ताशी ४० किलोमीटरची मर्यादा लागू झाली. मोठ्याचे हेल्मेट लहान डोक्यावर ठेवून भागत नाही. मागे बसणाऱ्याची साडी किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून साडीगार्ड काढून टाकू नये आणि पदर आवरून, खोचूनच बसावे.

खर्चाचा क्रम

सगळे एकदम घेणे अनेकांना परवडत नाही. तेव्हा पहिले पैसे हेल्मेटवर खर्चावेत आणि मागे नेहमी कोणी बसत असेल तर दोन हेल्मेटांवर. मोटार वाहन नियम १३८ नुसार नव्या दुचाकीबरोबर मानकाचे हेल्मेट देणे उत्पादकावर बंधनकारक आहे. ते गाडी घेताना मागून घ्यावे आणि डोक्याला नीट बसते का ते तिथेच पाहावे. त्यानंतर हातमोजे, मग घोटा झाकणारे बूट, मग जॅकेट आणि शेवटी पँट किंवा गुडघ्याची पॅड. वापरलेले हेल्मेट मात्र कधीही घेऊ नये, कारण त्याचा थर्माकोल आधी कुठे दबला आहे हे बाहेरून कळत नाही. वस्तू घरात आल्यावरही तिसरा प्रश्न रोज नव्याने विचारावा लागतो : किल्ली फिरवण्यापूर्वी हनुवटीखालचा पट्टा, मनगटाचा पट्टा आणि जॅकेटची चेन लागली आहे ना?