काळी आणि पांढरी

देवळाली म्हटले की परगावच्या माणसाला नाशिकचा कॅम्प आठवतो. तोफखाना, थंड हवा वगैरे. आमची देवळाली ती नव्हे. राहुरी तालुक्यातली, उसाची, पाटपाण्याची. टपाल चुकू नये म्हणून तिच्या नावाला प्रवरा जोडली गेली असावी, असे आम्ही लहानपणी समजत होतो. खरे कारण काहीही असो, प्रवरेवाचून या गावाची ओळख पुरी होत नाही, एवढे निश्चित.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. वस्ती ती पांढरी आणि शेतजमीन ती काळी. पांढरीवर माणसांनी राहायचे, काळीने त्यांना पोसायचे. आमच्याकडे गेल्या कित्येक वर्षांत झाले आहे ते असे, की ही पांढरी वेस ओलांडून काळीत शिरली आहे. फाल्गुन सरता सरता उसाचे फड मोकळे होतात, ऊन चढू लागते आणि सकाळी बांधावरून पाहिले तर सखल वावरात कुणी चुन्याची फक्की मारून ठेवावी तसे पट्टे दिसतात. लोक म्हणतात, ‘मीठ फुटलं.’ भर पावसाळ्यात किंवा उभ्या उसात हे दिसत नाही. वसंत ऋतूत कवींना पालवी दिसते, आम्हाला जमिनीचा रोग दिसतो.

हा रोग दुष्काळाचा नव्हे, पाण्याचा आहे, हे बाहेरच्यांना पटकन पटत नाही. पावसाच्या हिशेबाने आम्ही अवर्षणप्रवणच. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा कालवा निघाला आणि बाजरीच्या मुलखात ऊस उभा राहिला. पुढे १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम झाला, त्यामागून आसपास इतर कारखाने आले. ‘राहुरी फॅक्टरी’ हे तर आज आमच्या शेजारच्या वस्तीचे नावच आहे. या पाण्याने शाळा आल्या, दवाखाने आले, मातीच्या घरांची माड्या-बंगल्यांत रूपांतरे झाली. पाटाला नावे ठेवण्याचा अधिकार निदान पाटावर वाढलेल्यांना नाही.

पण कालव्याचे पाणी येण्याची जेवढी चिंता वाहिली गेली, तेवढी ते जाण्याची वाहिली गेली नाही. इंग्रजी अमदानीतल्या जाणत्या इंजिनिअरांना ही भीती होती. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या कालव्यांसाठी ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. एका ठिकाणी सलग ऊस न घेता पाणी ठराविक तुकड्यांत वाटावे आणि तुकड्यात पिकांची फेरपालट व्हावी, असा तिचा रोख. जादा पाणी काढून न्यायला चरही खोदले गेले.

आमची माती म्हणजे चिकणमातीचे भारी वाण. ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. पाणी धरून ठेवण्याचा तिचा गुण बाजरी-ज्वारीला वरदान, बारमाही पाटपाण्याला मात्र शाप. मुरलेले पाणी खाली वाट न मिळाल्याने साचते, भूजल वर वर येते आणि चैत्राच्या उन्हात त्याची वाफ होताना विरघळलेले क्षार वरच राहतात. पहिल्या पायरीला जमीन चिबडते, दुसरीला क्षारपड होते, तिसरीला चोपण. क्षारपड जमीन पावलाखाली भुसभुशीत लागते. चोपण ओली असताना साबणासारखी आणि वाळल्यावर दगड. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि पाणी आत शिरूच देत नाही. जिप्सममधला कॅल्शियम त्याला हुसकावतो, हे आता पोरेसोरेही सांगतात. आमच्या उशाशी १९६८ सालापासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, त्याचा एवढा गुण लागणारच. मात्र हुसकावलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर शेताबाहेर जायला हवा. निचरा नसेल तर जिप्समची पोती म्हणजे नुसता खर्च.

म्हणूनच या कामाचा हंगाम पाडवा ते मृग. फड रिकामा, जमीन कोरडी, पाऊस दोन-अडीच महिन्यांवर. याच दिवसांत चर उकरायचे, छिद्रे पाडलेले पाइप गाळणीचे कापड गुंडाळून मीटर-सव्वा मीटर खोल गाडायचे, शेणखत आणि जिप्सम मातीत मिसळायचे. पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरायचा आणि फुलावर येताच गाडायचा. धैंच्याला क्षाराचे फारसे वावडे नाही, हा त्याचा मोठेपणा.

याच दिवसांत आमच्याकडे रात्री आकाश तांबडे दिसते. तोडलेल्या उसाचे पाचट पेटवलेले असते. वाढे जनावरांच्या तोंडी जाते, पण पाचटाला काडी लागते. एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट निघते. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र, टक्काभर पालाश आणि तिसऱ्या हिश्श्याएवढा सेंद्रिय कर्ब असतो. ते सरीत दाबून वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले तर खोडव्याला पांघरूण मिळते, बाष्पीभवन कमी होते आणि क्षार वर चढण्याचा वेग मंदावतो. जाळणाऱ्यांना हे ठाऊक नसते असे नाही. मजूर मिळत नाहीत, उंदीर होतात, पाणी द्यायला अडचण होते, अशी त्यांची कारणे आहेत आणि ती अगदीच खोटी नाहीत. तरीही दहा टन खत जाळून दुकानातून पोती आणायची, हा व्यवहार मला कधी समजलेला नाही.

ऊस तोडायला येणाऱ्या माणसांकडे पाहिले की या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. पाथर्डी-शेवगावकडची, बीडकडची ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोपी घालतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. ज्यांच्या गावात पाणी नाही ती माणसे, ज्यांच्या गावात पाणी जास्त झाले आहे तिथे राबायला येतात. आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीत १९७५नंतर आणि हिवरेबाजारात १९८९नंतर डोंगरउतारावर चर पडले, बांध पडले, कुऱ्हाड आणि चराई थांबली आणि बाहेर गेलेली कुटुंबे परतली. हिवरेबाजारात दर वर्षी पडलेला पाऊस मोजून पिके ठरवतात. उसाला तिथे मज्जाव. राळेगण, हिवरेबाजार पाहायला आमच्याकडूनही सहली जातात. परत येताना जो तो म्हणतो, ‘आपल्याला काय गरज? आपल्याकडे पाट आहे.’ मला वाटते, पाण्याचा ताळेबंद आम्हालाच जास्त हवा. त्यांनी आलेले पाणी अडवायला शिकायचे होते, आम्हाला कमी घ्यायला आणि उरलेले सोडायला शिकायचे आहे. शिवाय पाट तरी किती दिवस पुरणार? २००५च्या कायद्याने खोऱ्यातले पाणी समन्यायाने वाटायचे ठरले, तुटीच्या वर्षी जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सुटते. २०२३च्या नोव्हेंबरातही सुटले. आवर्तन लांबले की सात नंबरचा अर्ज हातात घेऊन बसणाऱ्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. ठिबकाने उसाचे पाणी तीस ते पन्नास टक्के वाचते आणि वाचलेले पाणी जमिनीखाली साचतही नाही. एका दगडात दोन पक्षी म्हणावेत असा हा प्रकार.

आमच्या चुलत्यांचे दोन एकर असेच चिबडलेले. खालच्या अंगाला जुना चर होता. पूर्वी त्यातून पाणी ओढ्याला जायचे. वाटण्या झाल्या, बांध कोरले गेले, प्रत्येकाने दोन-दोन तासे पुढे सरकवली आणि चर बुजला. कुणा एकाचे हे काम नव्हे आणि म्हणून त्याचा दोषही कुणाच्या अंगाला लागत नाही. चुलत्यांनी पाइप गाडायचे ठरवले तर पाणी सोडायचे कुठे, हा प्रश्न. खालच्या शेतकऱ्याचे म्हणणे रास्तच होते, ‘आण्णा, तुमचं मीठ माझ्या वावरात कशाला?’ चुलते म्हणाले, ‘दादा, ते आजही तुझ्याच वावरात येतंय. फक्त दिसत नाही.’ यावर दोन वर्षे बोलणे बंद होते.

यंदा माघात खालच्याच्या वावरातही पांढरा पट्टा उमटला. मग कृषी सहायकांना बोलावले, मातीचे नमुने दिले, गवंड्याची पाण्याची नळी घेऊन पातळी काढली. उतार निघाला तो जुन्या चराच्याच रेषेत; म्हाताऱ्यांनी डोळ्याने पाहून खणलेले नळीने खरे ठरवले. सहा जणांनी खर्च एकरावारी वाटून घेतला. पाडव्याला औताची पूजा झाली आणि तिसऱ्या दिवशी पोकलँड बांधावर उभे राहिले. पहिल्याच दिवशी चार फुटांवर पाणी लागले. चैत्रात, पाऊस नसताना! चुलत्यांनी ते ओंजळीत घेऊन चाखले आणि थुंकून टाकले.

चर ओढ्यापर्यंत जायला आता सहाव्या खातेदाराच्या रानातला शे-सव्वाशे फुटांचा तुकडा राहिला आहे. तिथे उन्हाळ कांदा उभा आहे. तो अक्षय तृतीयेच्या सुमारास निघेल, मग मशीन पुन्हा बोलवायचे ठरले आहे.