गुडघ्यातील कूर्चा, रक्तातील बिंबिका आणि एमआरआयची मोजणी

गुडघेदुखीने गांजलेल्या माणसाला हल्ली जे उपाय सुचविले जातात, त्यांत स्वतःच्याच रक्तापासून तयार केलेल्या द्रवाची इंजेक्शने, म्हणजे ज्यास सर्वत्र पीआरपी म्हणतात तो उपचार, बराच पुढे आला आहे. आणि तो घेतल्यावर गुडघ्यातली झिजलेली गादी, म्हणजे कूर्चा, पुन्हा भरून येते व ती भरल्याचे एमआरआयमध्ये उघड दिसते, अशी समजूत रुग्णांमध्ये आणि त्यांना सल्ला देणाऱ्या सुशिक्षित आप्तेष्टांमध्येही रूढ झाली आहे. औषध काय करते, यंत्राला काय मोजता येते आणि वेदना कशाची साक्ष देते, या तीन निराळ्या प्रश्नांची येथे सरमिसळ झालेली आहे. वृद्ध माणसांची शिल्लक आणि त्याहून मोलाची त्यांची उमेद या व्यवहारात गुंतलेली असल्यामुळे ही सरमिसळ सोडविणे मला अगत्याचे वाटते.

पीआरपीत मूलपेशी असतात आणि त्यांच्यापासून नवी कूर्चा उगवते, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः शिरेतून काढलेले रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तांबड्या पेशी वेगळ्या केल्या म्हणजे जो पिवळसर द्रव उरतो, त्यातील बिंबिकांनी, अर्थात प्लेटलेटांनी, समृद्ध असा भाग गुडघ्यात सोडला जातो. बिंबिकांत वृद्धिघटक म्हणून ओळखली जाणारी प्रथिने साठलेली असतात आणि त्यांच्या योगाने सांध्यातील दाह शमावा, अशी अपेक्षा असते. परंतु बिंबिका हा केंद्रक नसलेला पेशीचा तुकडा असून त्यापासून दुसरी कोणतीही पेशी जन्म घेत नाही. शिवाय कूर्चेला रक्तवाहिन्याच नसल्यामुळे तिची दुरुस्ती मुळातच दुष्कर असते. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही हे निरीक्षण विल्यम हंटर यांनी १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते, आणि त्यानंतर पावणेतीनशे वर्षांत झालेल्या संशोधनाला ते फारसे बाजूस सारता आलेले नाही.

दुसरा समज यंत्राविषयीचा आहे, आणि तो अधिक खोलवर रुजलेला आहे. साध्या क्ष-किरण चित्रात कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधले अंतर तेवढे दिसते व त्यावरून तर्क करावा लागतो. एमआरआयमध्ये मात्र कूर्चा प्रत्यक्ष दिसते, आणि म्हणूनच उपचारापूर्वीचे व नंतरचे चित्र शेजारी ठेवले की वाढ नजरेला जाणवेल असे लोक धरून चालतात. परंतु गुडघ्यातील कूर्चेचा थर पुष्कळ ठिकाणी दोन-तीन मिलिमीटरांचाच असतो. नित्याच्या तपासणीत एकेक छेद तीन-चार मिलिमीटर जाडीचा घेतला जातो, आणि त्या छेदातील एका चित्रबिंदूची बाजू सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. आता झीज झालेल्या गुडघ्यात वर्षाकाठी एक-दीड टक्का कूर्चा कमी होत असेल, तर दोन मिलिमीटरांच्या थरात हा फरक फार तर ०.०३ मिलिमीटर भरतो, म्हणजे एका चित्रबिंदूच्या दशांशाहूनही कमी. ज्या साखळीने शेताची मोजणी करावयाची तिची एक कडीच बांधाच्या सरकण्याहून मोठी असेल, तर एका फेरीत मोजणीदाराला बांध सरकला की नाही हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. तीच गत येथे होते.

संशोधक यावर तजवीज करतात, ती अशी: अधिक शक्तीच्या चुंबकावर एक मिलिमीटरहूनही पातळ छेद घ्यायचे, प्रत्येक छेदात कूर्चेची सीमा आखायची, त्या सर्वांवरून घनफळ काढायचे आणि आखणाऱ्यास कोणत्या रुग्णाला काय दिले याची वार्ताही लागू द्यावयाची नाही. चालण्या-धावण्याच्या भाराने कूर्चा काही काळ दबते, म्हणून चित्रापूर्वीच्या विश्रांतीचाही विचार करावा लागतो. इतके करूनही एकाच गुडघ्याच्या दोन मोजण्यांत थोडी तफावत राहतेच, आणि म्हणून विश्वासार्ह निष्कर्ष अनेक रुग्णांच्या सरासरीवरून निघतो. टी-टू नावाच्या दुसऱ्या एका पद्धतीने कूर्चेतील पाण्याचा व तंतूंच्या मांडणीचा अदमास घेता येतो; तीत सुधारणा आढळली तर कूर्चेच्या घटनेविषयी काही कळते, थर जाड झाल्याचा तो दाखला ठरत नाही.

तिसरा समज असा की, दुखणे कमी झाले त्या अर्थी गादी वाढली असली पाहिजे. कूर्चेत मज्जातंतू नसल्यामुळे ती स्वतः दुखत नाही. वेदना उद्भवते ती सांध्याच्या आवरणात, कूर्चेखालच्या हाडात आणि भोवतालच्या ऊतींत. ऑस्ट्रेलियात झालेल्या 'रिस्टोअर' चाचणीने या प्रश्नाचा निकाल बराच स्पष्ट केला. सौम्य ते मध्यम झीज असलेल्या, पन्नाशी गाठलेल्या वा ओलांडलेल्या २८८ जणांपैकी काहींना आठवड्याच्या अंतराने पीआरपीची तीन इंजेक्शने दिली गेली, तर उरलेल्यांना तशीच सलाइनची, म्हणजे मिठाच्या पाण्याची. बारा महिन्यांनंतर दहापैकी मोजलेली वेदना पीआरपी घेतलेल्यांत सरासरी २.१ नी, आणि मिठाचे पाणी घेतलेल्यांत १.८ नी उतरली होती; गुडघ्याच्या आतील बाजूच्या कूर्चेचे घनफळ पहिल्यांत १.४ टक्के, दुसऱ्यांत १.२ टक्के घटले होते. २०२१ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या या आकड्यांतला कोणताही फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. मिठाच्या पाण्यानेही जवळजवळ दोन अंकांचा आराम पडतो, ही गोष्ट मला त्यात सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ज्याला आराम पडला त्याची कैफियत खरी असूनही तिचे श्रेय इंजेक्शनातील द्रवाकडे जाईलच असे नाही, हे तिने दाखवून दिले.

यावरून पीआरपी हा निव्वळ फसवणुकीचा प्रकार आहे, असा उलटा समजही कोणी करून घेऊ नये. चाचणी एका विशिष्ट तऱ्हेने तयार केलेल्या द्रवाची व एका वर्षाच्या मुदतीची होती. बिंबिकांची घनता, पांढऱ्या पेशींचे प्रमाण, इंजेक्शनांची संख्या या बाबी ठिकठिकाणी भिन्न असतात, आणि वेदनेपुरता लाभ आढळल्याचे सांगणाऱ्या चाचण्याही आहेत. त्या लाभाची चौकशी खुशाल चालू राहावी. कूर्चा वाढल्याचा दावा मात्र स्वतंत्र आहे व त्याला स्वतंत्र पुरावा हवा, म्हणून असा दावा करणारा अहवाल हाती आला तर दोन्ही वेळची चित्रे एकाच यंत्रावर व एकाच पद्धतीने काढली होती काय, घनफळ मोजले की नजरेने अंदाज केला, आणि तुलनेसाठी इंजेक्शन न घेतलेले किंवा सलाइन घेतलेले गुडघे होते काय, एवढी खातरजमा रुग्णाने अवश्य करावी.

वेदना आणि कूर्चा यांच्या वाटा किती निराळ्या असू शकतात, याचे प्रत्यंतर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत आले. तेथे १४० रुग्णांना दोन वर्षे दर बारा आठवड्यांनी स्टेरॉइड किंवा सलाइन यांचे इंजेक्शन गुडघ्यात दिले गेले. वेदनेच्या बाबतीत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु एमआरआयच्या मोजणीत स्टेरॉइड घेतलेल्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटर पातळ झालेली आढळली, आणि सलाइन घेतलेल्यांची ०.१० मिलिमीटर.