उसन्या सत्तेचा खलनायक : शकार आणि त्याचे सगोत्र

अद्भुत कथेतील मुख्य संघर्ष बहुधा नायक आणि एखादा असुर, मायावी किंवा जुलमी राजा यांच्यात असतो. या बलाढ्य प्रतिपक्षाच्या आश्रयाने वावरणारी आणखी एक व्यक्तिरेखा मात्र वारंवार आढळते. ती म्हणजे राजकुळातील वा सरदारघराण्यातील लाडावलेला, उथळ आणि आततायी तरुण. समीक्षेत त्याची बोळवण सामान्यतः ‘विनोदनिर्मितीचे साधन’ एवढ्यावरच होते. हे वर्णन अपुरे आहे. या पात्राचे खरे व्यवच्छेदक लक्षण त्याचा मूर्खपणा हे नसून त्याची सत्ता उसनी असते हे आहे. आणि म्हणूनच त्याच्यापेक्षा त्याच्यापुढे वाकणाऱ्यांची आणि न वाकणाऱ्यांची परीक्षा कथेत अधिक होते.

भारतीय परंपरेत या प्रकाराला स्वतंत्र नावच आहे : शकार. भडक वस्त्रालंकार, अकारण क्रोध आणि तितकीच अकारण प्रसन्नता ही त्याची लक्षणे नाट्यशास्त्राने नोंदवली आहेत. पुढे विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात तो राजाच्या अविवाहित स्त्रीचा भाऊ, म्हणजे नात्याने राजाचा मेहुणा, हीन कुळातला पण ऐश्वर्य लाभलेला, असा सांगितला आहे. ऐश्वर्य आहे, परंतु ते ना जन्माने आलेले, ना कर्तृत्वाने. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे ही म्हण जणू त्याच्याकडे पाहूनच सुचली असावी.

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ हे अद्भुताचे नाटक नव्हे. परंतु या व्यक्तिरेखेचा सर्वांत परिपूर्ण नमुना, संस्थानक, तेथेच भेटतो. परशुरामतात्या गोडबोले यांचे भाषांतर आणि गोविंद बल्लाळ देवल यांचे संगीत नाटक यांमुळे तो मराठी वाचक-प्रेक्षकांच्याही परिचयाचा झाला. ‘स’च्या जागी ‘श’ उच्चारणारा हा शकार रामायण-महाभारताची सरमिसळ करतो. त्याच्या लेखी द्रौपदी रामाच्या भयाने पळते आणि सीतेला चाणक्य मारतो. त्याला फुलांचा गंध ऐकू येतो. येथपर्यंत प्रेक्षक हसतो.

आठव्या अंकात हे हसू थिजते. वसंतसेनेला ठार मारण्यासाठी शकार प्रथम विटाला आणि मग स्थावरक या दासाला आमिष दाखवतो. विट नकार देतो. स्थावरकाचे उत्तर तर संपूर्ण नाटकाचा नैतिक कणा ठरावे असे आहे : धन्याची सत्ता आपल्या शरीरावर चालते, चारित्र्यावर नाही, असा त्याचा आशय आहे. ज्याच्याजवळ स्वतःचे काहीही नाही तो दास नकार देऊ शकतो. ज्याच्याजवळ सर्व काही आहे तो स्वतःच्या इच्छेलाही नकार देऊ शकत नाही. अखेर शकार स्वतःच तिचा गळा आवळतो आणि ती मेली असे समजून आळ चारुदत्तावर घेण्याचे ठरवतो.

नवव्या अंकातील न्यायसभेत उसन्या सत्तेचे तंत्र उघड होते. त्याची फिर्याद आज ऐकली जाणार नाही असे कळताच शकार मेहुण्याला, बहिणीला आणि आईला सांगून न्यायाधीश बदलण्याची धमकी देतो. आणि फिर्याद ऐकली जाते. न्यायाधीश दुष्ट नाही. चारुदत्ताला देहान्ताऐवजी निर्वासन द्यावे, असेच तो राजाला सुचवतो. तरीही त्याने प्रथम दार उघडलेले असते. शकाराला निव्वळ विदूषकी पात्र मानले, तर हा प्रसंग निरर्थक ठरतो.

महाभारताच्या विराटपर्वाशी तुलना केल्यास हे लक्षण अधिक स्पष्ट होते. कीचकही राणीचा भाऊच. पण तो सेनापती आहे, त्याचे बळ त्याचे स्वतःचे आहे. म्हणूनच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ‘कीचकवध’ (१९०७) मध्ये त्याला मदांध साम्राज्यसत्तेचे रूप देऊ शकले आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. शकारावर असा भार टाकता आला नसता. त्याच दरबारातील राजपुत्र उत्तर हाही लाडावलेला आहे. अंतःपुरात तो बढाया मारतो, कौरवसेना दिसताच रथातून उडी टाकून पळतो. परंतु बृहन्नडा त्याला धरून आणते आणि त्याच्या हाती लगाम देते. लाड हा दोष असला तरी खलत्व नव्हे. कोणी वेळीच अडवले, तर त्यातून माणूस घडतो, हे उत्तर दाखवतो.

आधुनिक अद्भुतकथेतही हेच सूत्र दिसते. हॅरी पॉटर मालिकेतील ड्रॅको मॅल्फॉय सतत वडिलांच्या नावाचा धाक घालतो. दुसऱ्या कादंबरीत (१९९८) वडील संपूर्ण संघाला नवे झाडू देतात आणि मुलाला संघात जागा मिळते. मेहुण्याच्या जागी पिता आला, एवढाच फरक.

अशा पात्राचा शेवट कसा करावा, हा लेखकापुढील कठीण प्रश्न असतो. दहाव्या अंकात पालक राजा मारला जातो आणि त्याच क्षणी शकाराजवळ काहीच उरत नाही. लोक त्याच्या वधाची मागणी करीत असता तो चारुदत्ताच्याच पायांशी शरण येतो आणि चारुदत्त त्याला सोडून देतो. ही क्षमा केवळ नायकाच्या औदार्याची खूण नाही. उसनी सत्ता गेल्यावर शिक्षा करण्याजोगा बलवान शत्रूच समोर शिल्लक राहिलेला नाही, हेही तीतून सूचित होते. प्रेक्षकाला मात्र एक प्रश्न छळत राहतो : पालक जिवंत असता, तर न्यायसभेचे ते दार पुन्हा उघडले नसते काय?