थार ऑटोमॅटिक आहे आणि ऑफ-रोडिंगला जाताय? मग गिअरबॉक्सला वेगळा कूलर लावायचा का?

पाऊस सुरू झाला की इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूचे रील्स यायला लागतात. चिखल, निम्म्या चाकापर्यंत पाणी आणि मधोमध एक थार. खाली कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न असतो, "भावा, ऑटोमॅटिक आहे का? कूलर लावलायस का?"

थार तशी नाशिकचीच गाडी. ती सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यात तयार होते, आणि ऑफ-रोडिंग शिकवणारी महिंद्राची अकॅडमीही इगतपुरीजवळच आहे. 2010 साली आलेल्या थारमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळत नव्हता. ऑक्टोबर 2020 मध्ये नवी थार आली आणि तिच्यात पहिल्यांदा 6 स्पीड ऑटोमॅटिकचा पर्याय आला. क्लच दाबायची कटकट गेल्यामुळे नवीन लोकही चिखलात उतरायला लागले.

पण क्लचसोबत आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे वास. मॅन्युअल गाडीत चढावर क्लच जळायला लागला की आख्ख्या गाडीत वास सुटतो आणि ड्रायव्हर आपोआप थांबतो. ऑटोमॅटिकमध्ये तसा काही इशारा मिळत नाही. आतलं तेल गुपचूप तापत राहतं आणि कळतं तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

हे तेल तापतं कशामुळे, ते आधी पाहू.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवलेत असं समजा. एक चालू केला की त्याच्या हवेने समोरचा बंद फॅनही फिरायला लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्येही हेच होतं, फक्त हवेच्या जागी तेल असतं. पहिला फॅन इंजिन फिरवतं आणि दुसरा गिअरबॉक्सला फिरवतो. दोघांचा वेग सारखा असेल तर फारसा प्रश्न नाही. हायवेवर तर एक लॉक-अप क्लच दोघांना जोडूनच टाकतो, त्यामुळे मुंबई-नाशिक रस्त्यावर एका वेगाने जाणारी गाडी गिअरबॉक्सला फार तापवत नाही.

खरी गडबड गाडी अडकल्यावर सुरू होते. चाक दगडाला टेकलंय, हलत नाही आणि ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबून बसलाय. इंजिनाकडचा फॅन जोरात फिरतोय, दुसरा थांबलेला आहे. मग इंजिनाची ताकद जाते कुठे? सगळी तेलात, उष्णता बनून.

ही उष्णता किती असते याचा साधा हिशोब करता येतो. ऑटोमॅटिक पेट्रोल थारचा कमाल टॉर्क 320 न्यूटन-मीटर आहे. आपण फक्त 200 धरू आणि इंजिन 2,000 आरपीएमवर आहे असं मानू. ही ताकद होते साधारण 42 किलोवॅट. घरातला गीझर 2 किलोवॅटचा असतो. म्हणजे सात-आठ लिटर तेलात एकदम वीस-एकवीस गीझर सोडल्यासारखं. मेकॅनिक टॉर्क कन्व्हर्टर तपासायला गाडी मुद्दाम अशी अडवून ॲक्सिलरेटर देतात, तेव्हा पाच सेकंदांच्या वर जात नाहीत, ते याच कारणाने. चिखलात अडकलेला माणूस मात्र मिनिटभर दाबून धरतो, वर मित्र ओरडत असतात, "अजून दे, अजून दे!"

ऑटोमॅटिकच्या तेलाला, म्हणजे एटीएफला, साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअसला काम करायला आवडतं. त्याच्या वर प्रत्येक दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा एक जुना ठोकताळा आहे. आजची सिंथेटिक तेलं त्यापेक्षा दमदार आहेत, पण गणिताची दिशा तीच. 120 च्या पुढे तेल बराच वेळ राहिलं की ते खराब होऊन आतल्या भागांवर थर धरायला लागतं, आणि 150 च्या आसपास रबराचे सील कडक होतात. मग लालसर तेल तपकिरी होतं, करपल्यासारखा वास मारतं. D टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग निघते. इथून पुढे गिअरबॉक्स उघडायची वेळ येते, आणि तो खर्च कूलरच्या कितीतरी पट असतो.

तरीही कूलर विकत घेण्याआधी एक फुकटचा उपाय आहे, आणि बरेच जण तो वापरतच नाहीत. तो म्हणजे 4L. तीन दरवाज्यांच्या 4x4 थारमध्ये गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा असतो. गाडी थांबवायची, गिअर N ला घ्यायचा आणि हा दांडा 4L ला टाकायचा. लो-रेंजमध्ये चाकांना मिळणारा जोर साधारण अडीचपट होतो. त्यामुळे तोच दगड चढायला इंजिनाला कमी जोर लावावा लागतो, दोन फॅनच्या वेगातला फरक कमी होतो आणि तेल कमी तापतं. "4H मध्येच चढली की" असं सांगणारे रील्स बघायला भारी वाटतात, पण त्यात गिअरबॉक्सचं तापमान दिसत नाही. जानेवारी 2023 पासून मिळणाऱ्या रिअर-व्हील-ड्राइव्ह थारमध्ये हा दांडाच नाही. ती घेऊन खोल चिखलात उतरायचं असेल, तर कूलरच्या आधी त्या बेताचाच विचार करावा.

दुसरं, गाडी तापतेय हे आधी मोजा. स्टेअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर आकडे बघता येतात. फक्त घेण्याआधी ते ॲप तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तापमान दाखवतं का, हे विचारून घ्या. अनेक ॲप्स फक्त इंजिनाचं तापमान दाखवतात आणि लोक त्यालाच गिअरबॉक्सचं समजतात. एखाद्या नेहमीच्या ट्रेलवर 4L मध्ये आकडा शंभरच्या आत राहिला, तर कूलरचे पैसे टायरला लावा.

आकडा वारंवार 110-120 च्या पुढे जात असेल, गाडीवर कॅरिअर, विंच, मोठे टायर चढवले असतील किंवा दर रविवारी दुसऱ्यांच्या गाड्या ओढून काढायचं काम तुमच्याकडेच येत असेल, तर कूलर लावणं योग्य. मोठे टायर हे यातलं लपलेलं कारण. टायरचा घेर वाढला की गिअरिंग आपोआप उंच होतं आणि टॉर्क कन्व्हर्टरवर ताण येतो.

बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत तेल थंड करायची कंपनीची सोय असतेच. तेल इंजिनाच्या कूलंटला उष्णता देऊन परत येतं. बाहेरचा कूलर याच्या जोडीला असतो, तेल थेट हवेवर थंड करणारा. स्वस्तातला प्रकार म्हणजे एक वळणावळणाची नळी आणि तिला पत्र्याच्या पात्या. पण त्याच जागेत जास्त उष्णता काढायची तर एकावर एक प्लेटा रचलेला, स्टॅक्ड प्लेट प्रकारचा कूलर चांगला. तो थोडा महाग पडतो, पण ऑफ-रोडसाठी घ्यायचा तर तोच घ्यावा. पाकिटावर अमुक टन गाडीला चालेल असा आकडा असतो. त्यावर सगळा भरवसा ठेवू नका, कारण तो हायवेवरचा वारा गृहीत धरून दिलेला असू शकतो.

कूलर जितका मोठा तितका चांगला, हेही खरं नाही. निफाडचा पारा थंडीत पाच-सहा अंशांवर येतो. अशा सकाळी थंड, घट्ट तेल मोठ्या कूलरमधून फिरत राहिलं तर गिअरबॉक्स गरम व्हायलाच वेळ लागतो आणि गिअर उशिरा पडतात. म्हणून थर्मोस्टॅट असलेला कूलर हवा. तेल तापेपर्यंत तो त्याला कूलरला वळसा घालून परत पाठवतो.

बसवायची जागा हा सगळ्यात वादाचा विषय. ग्रिलच्या मागे, एसीच्या कंडेन्सरच्या पुढे, ही नेहमीची जागा. तिथे वारा भरपूर मिळतो, पण दगड आणि चिखलही तिथेच लागतो. शिवाय चिखलात गाडी ताशी पाच किलोमीटरने जात असते, तेव्हा वारा नसतोच. त्यामुळे ऑफ-रोडच्या गाडीला स्वतःचा इलेक्ट्रिक फॅन असलेला कूलर जास्त उपयोगी पडतो. गाडीच्या पोटाखाली कूलर बसवून देणारे असतात, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. पहिल्याच दगडाला तो फुटला तर तेल रस्त्यावर आणि गाडी टोचनवर.

तेलाचा मार्ग साधारण असा ठेवतात: गिअरबॉक्समधून आधी कंपनीचा कूलर, मग बाहेरचा, मग परत गिअरबॉक्स. नळ्या एटीएफसाठीच्या, उष्णता आणि दाब सहन करणाऱ्या हव्यात. दुकानात "हाच चालतो" म्हणून पेट्रोलचा किंवा पाण्याचा पाइप मिळतो, तो घेऊ नका. कूलर भरायला थोडं जास्तीचं तेल लागतं, तेव्हा कंपनीने सांगितलेलंच एटीएफ टाकून सांगितलेल्या तापमानाला लेव्हल परत तपासावी लागते. गाडी वॉरंटीत असेल, तर होज कापण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या.

आणि ट्रेलवर गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागलाच, तर लगेच इंजिन बंद करायची घाई करू नका. सपाट जागा बघून हँडब्रेक ओढा, गिअर N ला ठेवा आणि इंजिन चालू राहू द्या. पंप तेल फिरवत राहतो आणि टॉर्क कन्व्हर्टरवर भार नसतो, त्यामुळे तेल हळूहळू निवतं. घरी आल्यावर कूलरच्या पात्यांतला चिखल ओला असतानाच साध्या पाण्याने धुऊन काढा. प्रेशर वॉशरची तोटी जवळ नेली तर पात्या वाकतात, आणि चिखल वाळला तर पुढच्या रविवारी कूलर असूनही आकडा पुन्हा 120 दाखवेल.